खाणतळ्यावरचे सात रविवार

१९७४च्या एप्रिलात ट्रिना हूकझेमानं मला शाळेच्या मागच्या भिंतीशी गाठलं. ती पंधराची, मी अठराचा.

"हार्लन, खरं सांग. आर्डिथला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणालो.

"तुझी चिठ्ठी वाचली तिनं?"

"वाचली. मी पाहिलं."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. त्या उन्हाळ्यात तिनं गावही सोडलं. बर्फ पोकळ आहे हे माहीत असून आपल्या दोन्ही बहिणी त्यावर गेल्या आणि आपल्याला मागे टाकून गेल्या, एवढं घेऊन ती गेली. ते तिला दिलं मी.

यंदाच्या फेब्रुवारीत मला कळलं की मी तिला सांगितलं ते खोटं होतं. मुद्दाम बोललेलं नव्हतं, पण म्हणून ते खरं होत नाही. आता ते तिच्या दारात जाऊन सांगायचं होतं. आणि ते सांगायचं तर त्या दुपारचं बाकी सगळंही सांगावं लागणार होतं. मी कुठं होतो, काय केलं, आणि काय केलं नाही. ते मी अजून बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

आमची वसाहत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या दक्षिणेला. सगळे डच, सगळे एकाच चर्चचे, सगळ्यांची हिरवळ एकाच उंचीची. रविवार म्हणजे शब्बाथ, विसाव्याचा दिवस. हिरवळ कापायची नाही, गाडी धुवायची नाही, चेंडू उडवायचा नाही, दुकानाच्या दारात उभं राहायचं नाही. सकाळी साडेनऊला उपासना, संध्याकाळी पाचला पुन्हा उपासना. मधे भाजलेलं मांस, बटाटे, आणि झोप. दीड ते साडेतीन लिंडन कोर्ट या आमच्या अख्ख्या रस्त्यावर एक माणूस जागा नसे. बाप चर्चचं साप्ताहिक तोंडावर घेऊन सोफ्यावर आडवा. त्याला उठवणं हा त्या दिवशी घरात होऊ शकणारा सर्वांत मोठा गुन्हा. देव सहा दिवस राबून विसावला, आणि त्याचा वचपा आमच्या बापांनी आमच्यावर काढला.

हूकझेमांचं घर आमच्या समोर. सीत्झे हूकझेमा फर्निचरच्या कारखान्यात कपाटं करायचा. हात सोन्याचे, तोंडाला कुलूप. बायको धाकटीच्या बाळंतपणात गेली. तेव्हापासून तीन मुलींना त्यानं असं सांभाळलं, जसं माणूस काचेचं सामान पेंढ्यात घालून ठेवतो आणि पेटी कधीच उघडत नाही. शाळेत तोच सोडायचा, तोच आणायचा. तरुणांच्या मंडळात पाठवायचा नाही. टेलिफोन कपाटात, आणि कपाट त्यानंच केलेलं, म्हणजे कुलूपही चांगलं. एका ताग्यातून तिघींचे कपडे शिवले जात, तपकिरी.

चर्चमध्ये ते आमच्या पुढच्या बाकावर बसत. त्यामुळे खरं सांगायचं तर मला त्या मुलींचे चेहरे नीट आठवत नाहीत. माना आठवतात. आर्डिथ, सतरा वर्षांची, डाव्या कानाखाली तीळ. कॉरीन, सोळाची, तिच्या केसांची पिन सतत सुटायची. ट्रिना बाराची, दोन वेण्या. मी पंधरा वर्षांचा होतो, आणि पाळकसाहेब आदामापासून कितीही लांब प्रवचन करोत, मला ते कमीच पडायचं.

माझा मित्र ड्वेन रोझेमा माझ्या शेजारी बसायचा. "तू तिळाशी लग्न करणार की पिनेशी?" तो कुजबुजायचा.

"तिळाशी."

"मग पिन माझी. पण सासरा तुझा."

१९७१च्या हिवाळ्यातली गोष्ट. जानेवारीतल्या एका रविवारी, सगळे झोपलेले असताना, मी आणि ड्वेन वसाहतीमागच्या खडीच्या खाणीवर त्याच्या भावाच्या सिगारेटी ओढायला गेलो. खाणीत पाणी साठून मोठं तळं झालेलं, आणि ते गोठलेलं. खडीच्या ढिगाआड आम्ही दडून बसलो. ड्वेननं काडी ओढली आणि तशीच धरून ठेवली. बोट भाजेपर्यंत.

तळ्यावर हूकझेमांच्या मुली होत्या.

चर्चच्या तपकिरी झग्यांतच होत्या. काठावर एक बंद पडलेली क्रेन होती, तिच्या केबिनमध्ये त्यांनी स्केट दडवलेले. त्यांची आई नेदरलँड्समधल्या फ्रीसलँडची. तिकडे बायका गोठलेल्या कालव्यांवरून या गावाहून त्या गावी जात, हे आम्ही आज्यांकडून ऐकलेलं. पण ऐकणं वेगळं. गिरक्या नाहीत, उड्या नाहीत, टीव्हीवर दाखवतात तसला नखरा नाही. कमरेत वाकलेल्या, हात पाठीमागे एकात एक गुंतवलेले, एकीमागे एक, लांब लांब झोके घेत. आर्डिथ पुढे. तिचा पाय पडला की मागच्या दोघींचा त्याच क्षणी पडायचा. कुणी बोलत नव्हतं. स्केटच्या पात्याचा आवाज, आणि मधूनच तळं खालून हुंकार भरायचं, एवढंच. बापानं ज्यांना रस्ता ओलांडू दिला नव्हता, त्या मुली पाचशे हात तळं एका दमात ओलांडत होत्या आणि वळून परत येत होत्या.

मी चर्चमध्ये जन्मलो, चर्चमध्ये वाढलो. देवाच्या भयाबद्दल हजार प्रवचनं ऐकली. ते भय म्हणजे काय असतं हे मला त्या दुपारी समजलं.

"हे कुणाला सांगायचं नाही," ड्वेन म्हणाला.

"सांगणार कुणाला? आधी विचारतील, तुम्ही कुठं होता."

पुढचे सहा रविवार आम्ही गेलो. एकदाही हाक मारली नाही.

मग तो शनिवार. गेरिटकाका आमच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलेला. तो त्याच खाणीवर कामाला होता. पश्चिमेच्या टोकाला बुडालेला खडी वाहून नेणारा पट्टा बाहेर काढायचा म्हणून शुक्रवारपासून पंपानं पाणी उपसताहेत, असं तो बाबांना सांगत होता. "पाणी हातभर खाली गेलंय. बर्फ वरच्यावर लटकतोय, खाली नुसती हवा. मांजर गेलं तरी खाली जाईल."

"पाटी लावली का?" बाबांनी विचारलं.

"सोमवारी लावू. उद्या रविवार. रविवारी तिथं जातंय कोण?"

बाबा हसले. खरंच, कोण जाणार? आमच्यासारख्यांच्या वसाहतीत रविवारी पाटी वाचायला माणूसच नसतो.

मला रात्रभर झोप आली नाही. बाबांना सांगावं तर मुलींचं बिंग फुटणार, आणि माझंही. हूकझेमांच्या घरी जावं तर दार बाप उघडणार. उरलं चर्च.

आमच्यात प्रवचन सुरू झालं की पेपरमिंट पुढे सरकतात. आई पिशवी उघडते, बाकावर हातोहात गोळ्या जातात. हा रिवाज इतका पक्का, की पाळकसाहेबसुद्धा पहिलं वाक्य म्हणून थोडं थांबतात, कागदांचा आवाज संपेपर्यंत. मी चर्चच्या पत्रकाची पट्टी फाडली, तिच्यावर लिहिलं, 'पश्चिमेला बर्फ पोकळ. जाऊ नका.' तिच्यात एक पेपरमिंट गुंडाळला आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या टेना आजींच्या हातात ठेवला.

"आर्डिथसाठी," मी कुजबुजलो.

म्हाताऱ्या डोळ्यांत अशी चमक आली की माझे कान तापले. "हो का रे, लब्बाडा," म्हणत त्यांनी पुडी पुढच्या बाकावर सरकवली. कुणाचा तरी हात मागे आला, पुडी गेली. पुढच्या मिनिटात आर्डिथनं काहीतरी पांढरं तोंडात टाकलं. जबडा हलला तसा तीळ हलला. मी आयुष्यात पहिल्यांदा आभाराचं स्तोत्र मनापासून म्हटलं.

दुपारी गेलो ते त्या येणार नाहीत हे बघायला. त्या आल्या.

"काय रे हे?" ड्वेन म्हणाला. "तू सांगितलंस ना?"

"सांगितलं. तिनं वाचलं."

"तरी?"

"तरी."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायला लागलो, आणि मग तिच्याकडे. लाज वाटते लिहायला, पण लिहितो. मला भीती वाटली नाही. मला वाटलं, बघा, हिला माहीत आहे आणि तरी ही आली. बापाला भ्याली नाही, शब्बाथाला भ्याली नाही, बर्फाला तर हिंग लावून विचारत नाही. मी ओरडू शकलो असतो. माझ्या तोंडाला कुणी हात लावला नव्हता. पण अशा मुलीला ओरडून सांगणारा मी कोण? मी गुडघ्यावर बसून बघत राहिलो.

ट्रिना क्रेनच्या केबिनमध्ये होती. दोघी थोरल्या पश्चिमेकडे गेल्या आणि बुडाल्या.

ड्वेन पळाला तो घरच्या तळघरात जाऊन बसला. मी पळालो तो आमच्या दिवाणखान्याच्या दारापर्यंत. बाबा सोफ्यावर, तोंडावर साप्ताहिक, श्वासासरशी कागद वर-खाली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं. मी दाराची मूठ धरून उभा राहिलो. त्यांना उठवायचं होतं. एवढंच करायचं होतं. तीन वाजून एकोणीस मिनिटांनी अग्निशामक दलाचा भोंगा ऐकू आला, तेव्हाही मी मूठ धरूनच होतो.

मदत आणली ती ट्रिनानं. बारा वर्षांची पोर स्केट काढून, नुसत्या मोज्यांवर बर्फातून हमरस्त्यापर्यंत पळाली आणि एका गाडीपुढे आडवी झाली. गाडीत एक पोलिश कॅथलिक होता, मासे मारायला निघालेला. आम्ही ज्यांना रविवार न पाळणारे म्हणून नावं ठेवायचो, त्यांच्यातला. त्यानं शिडी टाकली, पोटावर सरपटत गेला, स्वतः गळ्यापर्यंत भिजला. उशीर झाला होता.

बुधवारी पाळकसाहेब दोन शवपेट्यांसमोर उभे राहिले आणि शब्बाथ मोडणाऱ्यांबद्दल बोलले. सीत्झे हूकझेमा पहिल्या बाकावर मान खाली घालून ऐकत होता. आमच्यातलं एकही माणूस उठून बाहेर गेलं नाही. मीही नाही. त्या पाळकाचं थडगं आता आमच्या चर्चमागे आहे. मी तिथून जाताना टोपी काढत नाही.

मग ड्वेनच्या तोंडून चिठ्ठीची गोष्ट बाहेर पडली, आणि उन्हाळ्यापर्यंत वसाहतीतल्या सगळ्या पोरांना ती पाठ झाली. त्यांना माहीत होतं. माहीत असून गेल्या. आम्ही मोठे झालो, लग्नं केली, टक्कल पडलं, तरी दोन कॉफ्यांनंतर कुणीतरी म्हणायचंच, "काय पोरी होत्या रे!" मी छपरांवर डांबर ओतायचं काम करतो. तीस वर्षं शिडीवर चढताना मी एक मान बघत आलो. माझ्या बायकोला हे माहीत आहे. ती म्हणते, "मेलेलीशी भांडता येत नाही, म्हणून वाचलास."

यंदा जानेवारीत सीत्झे हूकझेमा गेला, एक्याण्णव वर्षांचा होऊन. त्याचे कपडे चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात आले. तिथं माझी बायको शनिवारी बसते. तिनं खिसे तपासले. चर्चच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात तिला एक पुडी सापडली. हा कोट त्यानं त्या रविवारनंतर कधी घातला नसावा. चर्चच्या पत्रकाची पट्टी, आत पेपरमिंट विरघळून कागदाला चिकटून दगड झालेला. घडी मी घातली होती तशी. कुणी उघडलेलीच नव्हती.

त्याच्या घरचा नियम मला फार उशिरा कळला: एका प्रवचनाला एक पेपरमिंट, तोही घरचा. परक्याचा आला तर तो बाप ठेवून घेणार. उपासनेच्या वेळी उघडून बघणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्यानं खिशात टाकला. आर्डिथनं तोंडात टाकला तो तिचा स्वतःचा होता.

बायकोनं मला कोटासकट पुडी दिली आणि म्हणाली, "ट्रिनाचा पत्ता आहे दुकानाच्या वहीत. कोटाचं मी सांगणार नाही. तू सांग."

ट्रिना उत्तरेला कॅडिलॅक गावाजवळ राहते, सरकारी रस्त्यांवरचा बर्फ काढणारा ट्रक चालवते. मी शनिवारी सकाळी गेलो. तिनं दार उघडलं. रुंद खांदे, आखूड पांढरे केस, बापाचे हात. तिनं मला लगेच ओळखलं, मग मागे माझ्या गाडीवरची शिडी आणि डांबराची पिंपं पाहिली.

"छपरं करायची नाहीयेत मला," ती म्हणाली.

"त्यासाठी नाही आलो."

"मग बस. कॉफी कडू आहे, तक्रार करायची नाही."

मी टेबलावर पुडी ठेवली आणि सांगितलं. ती कुठं सापडली, तिच्यात काय लिहिलंय. तिनं पुडी उलटीपालटी केली, उघडली नाही.

"म्हणजे तिनं वाचलीच नाही."

"नाही."

"तू तर पाहिलं होतंस."

"मी चुकीचं पाहिलं."

तिनं कॉफीचा कप उचलला, न पिता खाली ठेवला. "अडतीस वर्षं," ती म्हणाली, "दर हिवाळ्यात पहिला बर्फ पडला, की मी तिला एक शिवी देते, हल्ली ट्रक सुरू करताना. मोठ्यानं. माझे सोबती हसतात, त्यांना वाटतं मी हवेला देते." तिनं पुडी पुन्हा हातात घेतली. "माहीत नव्हतं तिला. नुसती खेळत होती."

इथं मी उठू शकलो असतो. जे द्यायला आलो ते दिलं होतं. ती माझे आभारसुद्धा मानेल की काय, अशी मला भीती वाटली. त्या भीतीनंच मी बोललो.

"ट्रिना, अजून आहे. मी तिथं होतो. ढिगाआड. मी आणि ड्वेन."

"ते माहितीये."

"माहितीये?"

"अरे गाढवा, पहिल्या रविवारपासून. सिगारेटचा वास तळ्यापलीकडे यायचा. आर्डिथ म्हणायची, असू देत, कुणी पडलं-झडलं तर निदान पळतील तरी."

मी तिला घड्याळ सांगितलं. तीन आठ ते तीन एकोणीस. दाराची मूठ, साप्ताहिक. काही वगळलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, डोळे न हलवता, समोर वादळ असताना ड्रायव्हर बघतो तशी.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली.

"हो."

"मला रस्त्यापर्यंत पोचायला नऊ लागली. नुसत्या मोज्यांवर."

"हो."

ती उठली. मला वाटलं आता दार दाखवेल. तिनं खिडकी थोडी उघडली, गार हवा घेतली, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मी केबिनमध्ये होते. स्केटच्या बुटाची नाडी तुटली होती, तिला गाठ मारत बसले होते. तिथून पश्चिमेचं टोक दिसत नाही. बाहेर आले तेव्हा तळं रिकामं होतं. मी काहीच पाहिलं नाही, हार्लन. तू पाहिलंस. सांग."

मी सांगितलं. आर्डिथ कशी पुढे होती, तिचे झोके त्या दिवशी किती लांब पडत होते, वारा पाठीशी होता. डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला. बर्फ मोडला त्याचा आवाज आलाच नाही. एका झोक्यात ती होती, पुढच्या झोक्यात नव्हती. मला हे सांगायची सवय होती. मनातल्या मनात, शिडीवर चढताना, किती वेळा सांगितलंय.

"आणि कॉरीन?"

"कॉरीनही गेली. दोघी गेल्या."

"कॉरीन कशी गेली?" ती वळली. "तू मघापासून एकीचंच सांगतोयस. मला बहिणी दोन होत्या."

आमच्या गोष्टीत कॉरीन नेहमी 'दोघी'त असायची. कुणी कधी वेगळी काढलीच नव्हती. मीही नाही, कारण ती वेगळी काढली की काय दिसतं ते मला ठाऊक होतं. ड्वेन तेव्हा पळत सुटला होता. ते फक्त मी पाहिलं.

"ती मागे होती," मी म्हणालो. "वीस-पंचवीस हात मागे. पायाखालचा बर्फ धड होता. ती थांबली. आडवे स्केट घासून, जागच्या जागी."

"पुढं?"

"आधी तिनं ढिगाकडं पाहिलं. आमच्याकडं. सरळ. मग केबिनकडं वळली आणि हात वर केला, पंजा उघडा. थांब म्हणतात तसा. तू बाहेर आलीस तर दिसावा म्हणून. बराच वेळ धरला. मग ती पोटावर आडवी झाली, आणि सरपटत आर्डिथकडं गेली."

ट्रिना खुर्चीत बसली.

"घाईनं गेली?"

"नाही. हळूहळू. हातानं बर्फ चाचपत. तिला माहीत होतं. तिला सगळं दिसत होतं, ट्रिना, आणि ती गेली. आर्डिथचा हात वर आला होता, तो तिनं धरला. मग सगळाच तुकडा खाली गेला."

एकेचाळीस वर्षं मी चुकीच्या मुलीपुढे गुडघे टेकून होतो, हे मला ते बोलता बोलता समजलं. ट्रिनानं टेबलावरून हात पुढे केला, माझ्याकडे नाही. पंजा उघडून हवेत वर धरला, आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"डावा की उजवा?" तिनं विचारलं.

"उजवा."

तिनं हात बदलला.